‘घरी सांगायचं नाही’ म्हणणारे सर

पत्र

मुंबईच्या पूर्व उपनगरात राहणाऱ्या, अकरावी सायन्सला असलेल्या एका १६ वर्षांच्या मुलीचं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. वडील बसवर कंडक्टर, आई घरून पोळी-भाजीचे डबे देते. पाच महिन्यांपूर्वी मोबाइलवर कोडी सोडवण्याच्या एका स्पर्धेत ती पहिली आली आणि एका गृहस्थांचा मेसेज आला: आपण देशाच्या गुप्तचर विभागात आहोत, तुझ्यासारखी तल्लख मुलं आम्ही शोधत असतो. तेव्हापासून तिचं ‘ट्रेनिंग’ चालू आहे. पहाटे धावायचं, लोकलच्या डब्यात चढलेली माणसं कपड्यांसकट लक्षात ठेवायची, अनोळखी माणसाचा पाठलाग करून तो कुठे गेला ते लिहून पाठवायचं. ‘सरां’चे मेसेज वाचले की आपोआप पुसले जातात. त्यांना तिने पाहिलेलं नाही, फक्त आवाज ऐकलाय. आधारकार्डाचा फोटो देऊन तिने गोपनीयतेच्या शपथेवर सहीही केली आहे.

गेल्या दीड महिन्यात दोन ‘असाइनमेंट’ झाल्या. एका रेल्वे स्टेशनवरचे कॅमेरे मोजून नकाशा काढायचा आणि बंदराच्या एका गेटावरचे पहारेकरी कधी बदलतात त्याचा व्हिडिओ करायचा. आईच्या खात्यावर दोनदा १५०० रुपये आले. ते स्कॉलरशिपचे, असं तिने घरी सांगितलं. कबड्डीचा सराव सुटला, जिवलग मैत्रीण दुरावली. आता लोणावळ्याजवळ चार दिवसांचं ‘निवासी शिबिर’ आहे, घरी कॉलेजची सहल सांगून निघायचं असा निरोप आहे. ती विचारते: ‘ताई, मला हे सोडवत नाही आणि माझं पूर्वीचं साधं आयुष्यही हवंय. काय निवडू? सर म्हणतात, कुणाला सांगितलंस तर तुझ्यावर देशद्रोहाचा गुन्हा लागेल. खरं आहे का?’

उत्तर

अगं मुली,

तुझं पत्र रात्री अकराला वाचलं आणि तेव्हाच तुला चार ओळी पाठवल्या: शिबिराला जाऊ नकोस, नवं काम घेऊ नकोस, आईला सांग, वाटेल तेव्हा मला फोन कर. सकाळी तुझं उत्तर आलं, ‘बघते ताई’. या दोन शब्दांनी माझा जीव टांगणीला लागलाय. म्हणून तुझी परवानगी घेऊन हे सविस्तर लिहिते आहे. तुझ्यासारखाच फोन उशाखाली घेऊन झोपणारं आणखी कुणी असेल, तर त्याच्याही हे वाचनात यावं.

आधी एक सांगते. मी तुला मूर्ख समजत नाही. पाच महिने पहाटे पाचला उठणं, डब्यातली अकरा माणसं तासाभराने आठवून त्यांच्या चपलांच्या रंगासकट लिहिणं, हे येरागबाळ्याचं काम नाही. तू लिहिलंयस, ‘वर्गात आम्ही सत्तरजण आहोत. सरांनी मला जसं ओळखलं तसं तिथे कुणीच ओळखलं नाही.’ हे वाक्य मला अगदी आतून कळलं. दहा बाय बाराच्या खोलीत चौघांच्या संसारात वाढताना, आपली म्हणून एक बंद पेटी असावी, तिची किल्ली फक्त आपल्याकडे असावी, असं सोळाव्या वर्षी कुणाला वाटत नाही? कुणीतरी आपल्याला निवडावं ही भूक खरी आहे. तिची लाज वाटून घेऊ नकोस.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. ट्रेनिंग निवडू की साधं आयुष्य, असं तू विचारतेस. त्यात एक गोष्ट तू धरूनच चालली आहेस, की पलीकडचा माणूस तो म्हणतो तोच आहे. हे तुला कशावरून कळलं? मी पत्र तीनदा वाचलं. त्याचा भारदस्त आवाज, बोलण्यातले लष्करी शब्द आणि अर्ध्या झाकलेल्या ओळखपत्राचा एक फोटो, याखेरीज त्यात काहीच सापडलं नाही. तुला माणसं निरखायला शिकवणाऱ्या या माणसाने स्वतःला मात्र तुला एकदाही निरखू दिलेलं नाही. तो उंच आहे की बुटका, चालताना पाय ओढतो का, हे तू सांगू शकत नाहीस. आणि डब्यातल्या अकरा अनोळखी माणसांबद्दल सांगू शकतेस.

खरी भरती कशी होते ते सांगते, कारण ते गुपित नाहीच. इंटेलिजन्स ब्युरो, म्हणजे आयबी, भरतीची जाहिरात उघडपणे देते. ती गृहमंत्रालयाच्या संकेतस्थळावर येते, त्यात जागा, पगार, परीक्षेचं स्वरूप सगळं छापलेलं असतं आणि वयाची अट १८ च्या पुढची असते. रॉ ही परदेशातली गुप्त माहिती मिळवणारी संस्था १९६८ साली रामेश्वरनाथ काव यांच्या हाताखाली उभी राहिली. तिथे अधिकारी मुख्यतः आधीपासून सरकारी सेवेत असलेल्यांमधून घेतले जातात. आणि निवड झाली की काय होतं माहीत आहे? पडताळणी. माणूस तुमच्या चाळीत येतो, शेजारच्या काकूंना विचारतो, ही मुलगी कशी आहे, घरचे कसे आहेत. म्हणजे जे खातं खरोखर गुप्त काम करतं ते तुझ्या दारात येऊन चौकशी करतं, आणि तुझे सर म्हणतात, दारातल्या कुणाला कळता कामा नये.

लष्कराचंही तेच. एनडीएत, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, साडेसोळा ते साडेएकोणीसच्या वयातली मुलं जातात. मुलींना तिथलं दार २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडलं आणि २०२२ मध्ये त्यांची पहिली तुकडी खडकवासल्याला दाखल झाली. तुझ्याच वयाची ही मुलं, तिथे रुजू होताना आईवडिलांच्या सह्या लागतात. देशासाठी मरायची तयारी असलेल्या मुलांच्याही घरी विचारल्याशिवाय हा देश त्यांना हात लावत नाही.

मनातल्या मनात एक करून बघ. फक्त मनात, प्रत्यक्ष नको. सरांना तू मेसेज केलास, ‘आई म्हणते एकदा भेटायचंय तुम्हाला.’ पुढे काय होईल? तो चिडेल, धमकावेल, आठवडाभर गप्प बसून तुला तळमळत ठेवेल किंवा गोड बोलून विषय टाळेल. ‘हो, येतो’ म्हणेल का? तुझं उत्तर तुला आत्ता, हे वाचतानाच मिळालं असेल.

पुढचं लिहिताना माझा हात थबकतोय, पण तुझ्यापासून लपवून उपयोग नाही. पहिले तीन-साडेतीन महिने तुला दिलेली कामं निरुपद्रवी होती. धावणं, पाठांतर, कोडी. मग थोडे पैसे. मग स्टेशनचे कॅमेरे आणि बंदराचा पहारा. ही चढण बघ. आपल्याच देशाच्या खात्याला आपल्याच स्टेशनवरचे कॅमेरे किती आहेत हे अकरावीतल्या मुलीकडून कशाला कळायला हवं? ते बसवणाऱ्यांकडे त्याचा नकाशा असतोच. ही माहिती ज्याच्याकडे नाही त्यालाच ती लागते.

२६ नोव्हेंबर २००८ ला तू पाळण्यातही नव्हतीस. मी तेव्हा या शहरात होते, आणि आजही फटाके अवेळी वाजले की मी खिडकीशी जाते. त्या हल्ल्याआधी डेव्हिड हेडली नावाचा माणूस २००६ पासून अनेकदा मुंबईत येऊन गेला. ताडदेवला ऑफिस थाटलं, हॉटेलात राहिला, हातात कॅमेरा घेऊन पर्यटकासारखा हिंडला, बोटीत बसून किनारा पाहिला. त्याने काढलेले व्हिडिओ कुणी बघितले असते तर हौशी माणसाचे वाटले असते. त्यांवरून दहाजणांनी वाट काढली आणि १६६ माणसं गेली. अमेरिकेत त्याने गुन्हा कबूल केला, २०१३ मध्ये त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली, आणि २०१६ मध्ये व्हिडिओवरून मुंबईच्या कोर्टापुढे त्याची साक्ष झाली.

तुझे सर तसेच आहेत असं मी म्हणत नाही. ते मला ठरवता येणार नाही आणि तुलाही नाही. लहान मुलांना नादी लावणारा विकृत माणूस असू शकेल, आणि ‘निवासी शिबिर’ हा शब्द वाचल्यापासून मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच वाटते आहे. पैसे फिरवायला खाती शोधणारा भामटा असू शकेल. घरी बसून हेर-हेर खेळणारा कुणी एकटा इसम असू शकेल. खरोखर शत्रूसाठी काम करणारा असू शकेल. तो यांपैकी कुणीही असला तरी तुला करायचं तेच आहे, म्हणून तो कोण याचा शोध तू लावत बसू नकोस. हे एवढं एक कोडं तू सोडवायचं नाहीस.

२६ नोव्हेंबरच्या त्याच रात्रीची दुसरी एक गोष्ट आहे. ते दहाजण रबरी बोटीतून कफ परेडला, बधवार पार्कसमोरच्या मच्छीमार वसाहतीपाशी उतरले. तेव्हा तिथल्या कोळी लोकांनी त्यांना हटकलं होतं, कोण तुम्ही, कुठून आलात. मिळालेलं उत्तर धड नव्हतं, आणि पुढचं टळलं नाही. पण त्या अंधारात ज्यांना काहीतरी खटकलं आणि ज्यांनी ते तोंड उघडून विचारलं, ती जाळी विणणारी, मासळी बाजारात नेणारी माणसं होती. त्यांना कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं. तू ‘साधं आयुष्य’ हे शब्द पत्रात पाचदा लिहिलेस, आणि पाचही वेळा जरा कमीपणाने. म्हणून हे सांगितलं.

गुन्ह्याबद्दल. मी वकील नाही, पण एका वकील मैत्रिणीला विचारून लिहिते आहे. आईला सांगणं हा कुठल्याही कायद्याने गुन्हा नाही. तू सही केलेल्या शपथेला काडीची किंमत नाही, कारण १८७२ च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे १८ वर्षांखालच्या, म्हणजे कायद्याच्या भाषेत अज्ञान व्यक्तीबरोबर केलेला करार मुळातच रद्दबातल असतो. १९२३ चा ऑफिशियल सिक्रेट्स ॲक्ट आहे, त्याचं नाव सरांनी तुला सांगितलं असेल. तो सरकारची गुपितं फोडणाऱ्यांसाठी आणि मनाई असलेल्या जागांची माहिती शत्रूच्या उपयोगी पडेल अशी गोळा करणाऱ्यांसाठी आहे. आता नीट विचार कर. आईला सांगण्यात सरकारचं कुठलं गुपित फुटतं? धोका असलाच तर तो बंदराच्या व्हिडिओत आहे, आणि तो तुझ्याकडून ज्याने काढून घेतला त्याच्यापासून आहे.

म्हणूनच उशीर करू नकोस. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात मुलांना बेकायदा कामासाठी वापरणाऱ्या प्रौढाला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड आहे. वापरलं गेलेलं मूल हे कायद्याच्या नजरेत आधी मूल असतं. पुढे काय होईल याचं वचन मी देऊ शकत नाही, तशी खोटी खात्री तुला नकोही आहे. पण स्वतःहून, आईवडिलांना बरोबर घेऊन, सगळं सांगायला आलेली मुलगी आणि शोधत येऊन सापडलेली मुलगी यांच्यात फार मोठा फरक असतो. त्याच कायद्याने तुझं नाव, फोटो, पत्ता छापायला बंदी आहे, हेही घरच्यांना सांग. चाळीत बोभाटा होईल या भीतीने पुष्कळ आईवडील पोलीस ठाण्याची पायरी चढत नाहीत.

तू बहिर्जी नाईकांचा दाखला दिलास. ‘त्यांनी तरी कुणाला सांगितलं होतं?’ बरोबर आहे, सुरतेची खबर त्यांनी गावभर सांगितली नसेल. पण ती कुणाला नेऊन द्यायची हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते महाराजांच्या समोर बसून बोलत होते. तुझी खबर कुठे जाते?

मला मात्र तुझं पत्र वाचताना आपल्याच मुंबईतल्या उषा मेहता आठवल्या. १९४२ च्या ऑगस्टमध्ये बहुतेक मोठे पुढारी तुरुंगात असताना त्यांनी आणि त्यांच्या साथीदारांनी गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. त्या तेव्हा २२ वर्षांच्या होत्या, कायद्याचं शिक्षण घेत होत्या. पोलिसांची गाडी लहरींचा माग काढत फिरायची, म्हणून यंत्र सारखं या घरातून त्या घरात हलवायचे. १२ नोव्हेंबरला गिरगावच्या पारेखवाडीत छापा पडला आणि १९४६ पर्यंत त्या तुरुंगात होत्या. हे खरंखुरं गुप्त काम होतं, जीव धोक्यात घालून केलेलं. आणि तरी बघ: शेजारी बसलेल्या प्रत्येक साथीदाराचा चेहरा आणि नाव त्यांना माहीत होतं. कशासाठी करतोय, कुणाविरुद्ध करतोय, पकडलो तर काय होईल, सगळं ठाऊक असताना, सज्ञान झाल्यावर, त्यांनी ते स्वतः पत्करलं होतं. सुटून आल्यावर त्यांनी शिक्षण पुरं केलं आणि पुढे याच शहरात, मुंबई विद्यापीठात, वर्षानुवर्षं शिकवलं. ज्या बाईंनी पोलिसांना तीन महिने गुंगारा दिला, त्या रोज खडू घेऊन वर्गात गेल्या.

तुला असं काही करायचं असेल तर माझा आशीर्वाद आहे. पण आधी अठरा पूर्ण कर, आणि ज्याच्यासाठी करायचं त्याचं तोंड बघ.

आता आईचं. तुझ्या पत्रातला हा तुकडा मी कापून माझ्या टेबलावर ठेवलाय: ‘मी बूट घालते तेव्हा आई ओट्याशी पोळ्या लाटत असते. वळून न बघता एक पोळी तूप-गूळ लावून गुंडाळते आणि स्टीलच्या झाकणावर ठेवते. मी ती घेते आणि लायब्ररीत चालले म्हणून सांगते.’ पन्नास-साठ पोळ्या लाटायच्या असताना ती रोज एक जास्तीची लाटते. पहाटे साडेपाचला लायब्ररी उघडी नसते हे त्या माउलीला कळत नसेल असं तुला वाटतं? मी वीस वर्षं मुलांशी आणि त्यांच्या आयांशी बोलत आले आहे. माझा अंदाज आहे की तिला काहीतरी वेगळं चाललंय हे कळलंय. विचारलं तर तू आणखी लांब जाशील या भीतीने ती विचारत नसावी. तुझ्या घरात दोन माणसं एकमेकींना सांभाळायला गप्प बसली आहेत.

डबे गेले की तिला श्वास घ्यायला वेळ मिळतो, दुपारी साडेअकरा-बारा. तेव्हा बोल. बाबांची ड्युटी असली तरी थांबू नकोस. भाषण तयार करू नकोस, फक्त पहिलं वाक्य ठरव. ‘आई, मला तुला काहीतरी सांगायचंय, मी खोटं बोललेय, आधी सगळं ऐकून घे, रागाव नंतर.’ मग क्रमाने सांग. १५०० रुपयांपासून सुरुवात केलीस तर सोपं जाईल, कारण ते तिच्या पासबुकात आहेत. ती रडेल, ओरडेल, कदाचित एखादी थप्पडही बसेल. ती मारण्याचं मी समर्थन करत नाही, पण त्या भीतीने थांबू नकोस. तोंडाने जमतच नसेल तर हे पान तिच्या हातात दे आणि म्हण, ‘ही मी आहे.’

सरांचे वाचलेले मेसेज पुसले गेले असले तरी फोनमध्ये जे उरलंय त्यातलं काहीही पुसू नकोस. लाजेने पुसावंसं वाटेल, तो पुरावा आहे. ते ॲप स्क्रीनशॉट घेतला की समोरच्याला कळवतं असं तू लिहिलंस, म्हणून आईच्या फोनने तुझ्या फोनच्या पडद्याचे फोटो काढ. सरांना जाब विचारू नकोस, निरोप घेऊ नकोस, ‘मला सगळं कळलंय’ असं तर मुळीच लिहू नकोस. मेसेज आले तर उत्तर देऊ नकोस. आलेले ३००० रुपये खर्च करू नका आणि त्याने परत मागितले तर त्याने सांगितलेल्या खात्यावर पाठवूही नका. ते कसे आले, कुठून आले, ते पोलिसांना आणि बँकेला दाखवायचे. आधारचे बायोमेट्रिक लॉक करून ठेवता येतात, तेही बाबांना करायला सांग.

मग तिघं मिळून जवळच्या पोलीस ठाण्यात जा. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो, त्यांनाच भेटायचंय असं स्पष्ट म्हणा. मुंबईत विभागवार सायबर पोलीस ठाणीही आहेत, आणि सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हा क्रमांक आहे. घरच्यांशी बोलायचा धीर होत नसेल तर १०९८ ला फोन कर, ती मुलांसाठीची मदतवाहिनी आहे, चोवीस तास आणि फुकट. शिबिराच्या दिवशी कुणी दारात किंवा कॉलेजबाहेर आलंच तर ११२.

तो धमक्या देईल. घरी कळवीन, व्हिडिओ पोलिसांना देईन, तुझं आधार माझ्याकडे आहे. ध्यानात घे, या सगळ्या धमक्यांची ताकद आईला न सांगण्यातच आहे. तिला सांगितल्यावर त्याच्याकडे सांगण्यासारखं उरतंच काय? ‘डिजिटल अरेस्ट’च्या, म्हणजे व्हिडिओ कॉलवरच्या खोट्या अटकेच्या, नावाखाली मुंबईतले शिकले-सवरलेले, मोठ्या हुद्द्यांवरून निवृत्त झालेले लोक दिवसचे दिवस व्हिडिओ कॉलसमोर बसून राहिले आणि आयुष्याची पुंजी घालवून बसले. तिथेही हेच सांगितलं जातं: आम्ही सरकारचे लोक, घरात कुणाला सांगू नका. साठीच्या माणसांना जे जमलं नाही ते तुला सोळाव्या वर्षी जमलं नाही म्हणून स्वतःला बोल लावू नकोस. आणि तुला शंका आली, तू मला लिहिलंस. त्यांतल्या पुष्कळांनी तेही केलं नाही.

हे वाचणाऱ्या आईवडिलांना दोन शब्द. मुलगा किंवा मुलगी अचानक शिस्तीत वागायला लागली, पहाटे उठायला लागली, मित्र तुटले, हातात कारण न सांगता येणारे पैसे आले, आणि फोन पालथा ठेवायला लागली, तर अभ्यासू झाली म्हणून निर्धास्त राहू नका. पण फोन हिसकावूनही घेऊ नका. हिसकावलेल्या फोनबरोबर पुरावा जातो आणि पोरही जातं. रात्री दिवा मालवल्यावर, अंधारात, शेजारी पडून विचारा. समोरासमोर न दिसता मुलं जास्त बोलतात. आणि उत्तर काहीही आलं तरी पहिल्या मिनिटात ओरडायचं नाही, एवढं आधीच ठरवून ठेवा.

परत तुझ्याकडे. सगळं आटपल्यावर तुला फार रितं वाटेल, हे आत्ताच सांगून ठेवते. रोज कुणीतरी ‘शाबास’ म्हणत होतं ते थांबेल. खोटा असला तरी तो आवाज पाच महिने तुझ्याजवळ होता. त्याची आठवण आली तर घाबरू नकोस, आणि फार जड झालं तर १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतवाहिनीच्या, क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

जे कमावलंस ते त्याच्या मालकीचं नाही. पाय तुझे आहेत, नजर तुझी आहे. कबड्डीत चढाईला गेल्यावर समोरच्या सातजणींतली कुणाची टाच उचलली गेलीय हे क्षणात दिसावं लागतं, आणि तुला ते आता पूर्वीपेक्षा चांगलं दिसेल. निवड चाचणी हुकली म्हणून कोचसमोर जायची लाज वाटते असं लिहिलंस. जा आणि कोपऱ्यात वॉर्मअप सुरू कर, कोच एक-दोन दिवस बोलणार नाहीत, मग ओरडतील, मग खेळवतील. मैत्रिणीला सगळं सांगायची गरज नाही, ‘मी एका घोळात अडकले होते, तुझ्याशी वाईट वागले’ एवढं पुरे. पुढच्या वर्षी, बारावीत असताना, एनडीएचा फॉर्म भरता येतो. मोठी झाल्यावर आयबीची जाहिरात निघेल तेव्हाही तू अर्ज करू शकतेस. तेव्हा चौकशीला आलेल्या माणसाला शेजारच्या काकू काय सांगतील, याची मला आत्तापासूनच उत्सुकता आहे.

शिबिर शनिवारी आहे म्हणालीस. आज मंगळवार. उद्या दुपारी बारा वाजता मी फोन हातात घेऊन बसेन. आईशी बोलून झालं की मला मेसेज कर, आणि ती तयार असेल तर तिलाच फोन दे. पोलीस ठाण्यात तुमच्याबरोबर यायला मी तयार आहे. आणि परवा पहाटे ओट्याशी उभी राहून ती तूप-गुळाची पोळी तिच्यासमोरच खा.

तुझी,
ताई